छप्पर कापू नका!

"अहो, छप्पर! छप्पर कापताय तुम्ही!"

तोक्यो स्टेशनसमोरच्या पटांगणात माझे वडील एका जपानी नवरीवर मराठीत ओरडत होते. (नवरीवर नाही, तिच्या फोटोग्राफरवर. पण बाबांचा आवाज एकट्या माणसाला पुरून वर उरतो, तो आजूबाजूच्यांनाही लागतो.)

इथे लग्नाच्या कितीतरी आधी नटूनथटून फोटो काढून घेतात, आणि लाल विटांच्या या जुन्या इमारतीसमोर संध्याकाळी नवरानवरींची जत्राच असते. आम्हाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मी आईबाबांना आणलं होतं ते बाबांना छप्पर दाखवायला.

बाबा रेल्वेच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्यातले. उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या व्हीटीवर काढलेली. 'वर'च म्हणायचं, कारण लोक खाली उभे राहून घुमटाकडे बघत "वा वा" करत, तेव्हा बाबा मागच्या बाजूने पन्हळीत हात घालून गळती शोधत असायचे. निवृत्त झाले आणि त्यांना छपराबद्दल कोणी विचारेना. दुसऱ्या कशाबद्दल बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे हळूहळू बोलणंच थांबलं. आईने फोनवर सांगितलं, "काल दिवसभरात 'मीठ दे' एवढंच म्हणाले." मी घाबरून दोघांना तोक्योशेजारच्या इचिकावाला, माझ्या घरी बोलावून घेतलं. आल्या आल्या बाबांनी आमच्या फ्लॅटचं छत निरखलं, "कोरडं आहे," म्हणाले, आणि पुढचे चार दिवस गप्प!

आणि इथे, तोक्यो स्टेशनपुढे, त्यांना कंठ फुटला.

"बघ! आपल्याकडे इंग्रजाने बांधलं ते समजू शकतो. इथे इंग्रज आला नाही, तरी यांनी हौसेने असलं बांधलं! युद्धात बॉम्ब पडून दोन्ही घुमट गेले, वरचा मजला गेला. पुढे कित्येक वर्षं नुसती टोकदार टोपी घालून बसवलं होतं बिचाऱ्याला. आता पुन्हा होतं तस्संच केलंय. आणि हा गाढव," त्यांनी फोटोग्राफरकडे बोट केलं, "नेमकं तेच कापतोय! नुसत्या दाराचा फोटो! दार काय, कुठेही असतं!"

फोटोग्राफरने घाबरून माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती. माझं जपानी भाजी आणि कचऱ्याचे प्रकार इथवर उत्तम आहे. त्यापुढे मी आत्मविश्वासावर चालवते.

"हे माझे वडील," मी म्हटलं. "रेल्वेचे अधिकारी. छप्पर. फार वाईट."

फोटोग्राफर पांढरा पडला.

"मोठे अधिकारी?"

आता बापाचा मोठेपणा सांगायला मुलगी कशाला लाजेल? "मुंबईचं सगळ्यात मोठं स्टेशन यांनीच उभं ठेवलंय," मी सांगितलं. "सव्वाशे वर्षांहून जुनं!"

त्याने बाबांकडे आदराने पाहिलं. सव्वाशे वर्षांच्या मानाने तब्येत चांगलीच राखली होती! मग तो कमरेत वाकला आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं मिटायला लागला. रेल्वेच्या बड्या साहेबाने फोटो बंद करायला सांगितलेत, असा त्या सज्जनाचा समज झाला होता. मी "नाही, नाही" म्हणत वाकले. तो आणखी वाकला. मी त्याच्याहून खाली.

"दोघं शोधताय काय?" बाबा म्हणाले. "झाकण पडलं का त्याचं?"

तेवढ्यात नवरी रडायला लागली. हुंदके देऊन! नवरदेव तिच्या झग्याचा घोळ दोन्ही हातांत धरून उभा, त्यामुळे त्याला तिचे डोळेही पुसता येईनात. उजेड उतरत चाललेला. तिचा फोटो माझ्यामुळे बुडणार, आणि बाबा पुन्हा 'मीठ दे'वर जाणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

"अगं, पोर रडतेय!" आई धावली. "तू सांगितलंस तरी काय?"

"बाबा बोलले तेच!"

"ते एवढं नव्हते बोलले. जा, पाणी आण तिच्यासाठी."

मी स्टेशनात शिरले. तोक्यो स्टेशनात शिरणं सोपं आहे, निघायला नशीब लागतं. पाण्याची बाटली घेऊन मी तीनदा चुकीच्या बाजूला उगवले. शेवटी पटांगणात पोचले तर समोर वेगळंच नाटक!

फोटोग्राफर फरशीवर पालथा, गाल जमिनीला टेकलेला. बाबा त्याच्याशेजारी उकिडवे, त्याची मान धरून. "अजून खाली! अजून! शाब्बास!" तो "हाइ! हाइ!" असा जपानी होकार भरत कॅमेरा वर रोखतोय. आई नवरीचा जाळीचा पदर वाऱ्यात सावरून उभी. आणि नवरी रडता रडता हसत होती. मधूनच ती बोट वाकवून हवेत टकटक करायची, मग बाबा करायचे आणि तोंडाने म्हणायचे, "टण्ण!" की दोघंही माना डोलवायची.

मग तिने मला सावकाश, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. ती ईशान्येकडच्या किनाऱ्यावरची. तिचे आजोबा छपराच्या दगडी पाट्या घडवायचे. या स्टेशनासाठीच्या पाट्या तयार होत्या, आणि दोन हजार अकरा सालच्या भूकंपानंतर समुद्र आत आला. घरं गेली. पाट्या चिखलात गाडल्या गेल्या. गावकऱ्यांनी त्या उकरल्या, एकेक धुतली, आणि त्यांतल्या पुष्कळशा इथे वर बसल्या. धुणाऱ्यांत आजोबाही होते. धुतली की बोटाने वाजवून बघायचे. खणखणली तर चांगली. तोक्योला येऊन त्यांना छप्पर बघायचं होतं, ते राहून गेलं. तिला फोटोत तेवढंच हवं होतं, पण फोटोग्राफरला "माझ्यापेक्षा छप्पर घ्या" कसं सांगणार, म्हणून गप्प होती. फोटोच बंद झालाय असं वाटल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

मी ते मराठीत सांगितलं, तर बाबा डोळे पुसायला लागले. "चिखलातून काढून," ते एवढंच म्हणाले. मग फोटोग्राफरच्या पाठीवर थाप मारून, "घे बाळा. पूर्ण घे."

फोटो निघाला. बाबांना उठता येईना, तेव्हा नवरानवरीने दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. त्या पांढऱ्याशुभ्र झग्याला बाबांच्या हाताची धूळ लागली, तर नवरी ती पुसूच देईना.

घरी जाताना अख्खा डबा नेहमीसारखा चिडीचूप, आणि बाबा एकटे इचिकावापर्यंत बोलत होते. पन्हळी, खिळे, दगडाचे थर, सगळं. मी त्यांना गप्प केलं नाही. मी आईला कोपराने ढोसलं.

"बघ, जपानी शिकल्याचा आज उपयोग झाला की नाही? तरी मला वाटलं, काही केल्या समजत नाहीये. नेमकं कधी कळलं गं त्यांना?"

"तू पाणी आणायला गेलीस तेव्हा," आई म्हणाली.