पडद्यामागे बघितलं, काका

आमचं थिएटर मी पाडलं.

मालकाला शिव्या घालून झाल्या, बिल्डरला घालून झाल्या. आज सकाळी परब काका गेले, म्हणून खरं काय ते लिहून टाकतेय.

काका लालबागच्या आमच्या थिएटरचे ऑपरेटर. वरच्या बॉक्समध्ये मशीनवर उभं राहून सिनेमा दाखवणारे. राहायला आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून. माणूस मालवणी आणि महाफटकळ. मला कधी नावाने हाक मारली नाही, कायम "गो चेडवा", म्हणजे अगं पोरी.

थिएटर मुळात नाटकाचं. गिरणीतली माणसं पाळी संपवून नाटकाला यायची म्हणे. मग सिनेमा आला. बिडाचे खांब तसेच राहिले, त्यामुळे खांबामागची सीट मिळाली की अर्धाच हिरो दिसायचा.

गिरण्या गेल्या, पब्लिक गेलं.

मग तिथे लग्नं लागली. मग साड्यांचे सेल. शेवटी तर खालच्या, स्टॉलच्या खुर्च्या काढून बाइक पार्क करायचे आणि बाल्कनीत कबुतरं. पण दारावरची प्लास्टरची कमळं आणि दोन्ही बाजूंनी वळत वर जाणारे जिने बघून मला अजून भरून यायचं. आर्किटेक्ट व्हायचं वेड मला त्या जिन्यांनीच लावलं.

पाडायची नोटीस लागली तेव्हा माझी डिग्री नवी कोरी होती. काय तो तोरा!

चाळीच्या मीटिंगमध्ये मीच उठून म्हटलं, "हेरिटेजसाठी अर्ज करू. नकाशा मी काढते."

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "आता कोण पाडता तां बघतंय मी."

दोन दिवस टेप घेऊन मापं घेतली. काकांचे गुडघे गेलेले, ते बाहेर फॉयरमध्ये खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच ओरडायचे.

"गो, पडद्यामागे बघलंस मां?"

समोर लाल मखमलीचा पडदा होता. धुळीने माखलेला. मी तो बाजूला केला, मागे पांढरा स्क्रीन. बस्स.

"हो काका, बघितलं!"

काकांचा पडदा म्हणजे तो पांढरा. सिनेमाचा.

त्यांनी जन्मभर त्यालाच पडदा म्हटलं. माझ्या डोक्यात पडदा म्हणजे कापडाचा.

घरी नकाशा काढताना बाहेरची लांबी आणि आतली लांबी जुळेना. चांगला एका खोलीएवढा फरक. मागे गादीवाल्याचं गोडाऊन चिकटून होतं. म्हटलं, ती जागा त्याचीच असणार. दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा होता. स्क्रीनच्या मागे मी सरळ भिंत दाखवली आणि सही ठोकली.

सिनेमाचा स्पीकर स्क्रीनच्या मागे असतो. काका रोज मागे जाऊन तो तपासायचे. हे मला चाळीतल्या कुणीही सांगितलं असतं. मी विचारलंच नाही. शिकलेली ना मी!

सुनावणीत अधिकारी म्हणाले, नाटकगृहाची खूण कुठे आहे? तुमच्याच नकाशात स्टेज नाही.

अर्ज फेटाळला. गुडघ्यांमुळे काका सुनावणीला नव्हते, आणि मी त्यांना फक्त फेटाळला एवढंच सांगितलं.

पाडायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही दोघं समोरच्या फुटपाथवर उभे होतो. स्क्रीन फाटला आणि मागून अख्खं स्टेज बाहेर आलं. सागवानी फळ्या, वर कमान, कमानीवर मोर. बाजूला नटांची रंगायची खोली. गेली कित्येक वर्षं सगळं जसंच्या तसं.

नकाशात न जुळलेली जागा ती हीच.

काका ओरडले, "मेल्यांनी नकाशातलां स्टेज खाल्ल्यानी! ऑफिसात नकाशो बदलल्यानी!"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. संध्याकाळपर्यंत मोर मातीत गेले.

त्यानंतर काका भेटेल त्याला हेच सांगायचे. मालकाने नकाशा बदलला. मी समोर असले तर माझ्या पाठीवर हात ठेवायचे. "ह्या चेडवान दोन दिवस खपान मापां घेतलेली. ह्येचा काय चुकूक नाय."

मी मान खाली घालून चहा प्यायचे. एकदा नाही, दहादा. दरवेळी वाटायचं, पुढच्या वेळी सांगू. भित्री मेली मी.

मी आता चाळीत राहत नाही; आज काकांच्या मुलाचा, विनयचा फोन आला. काकांनी उशीखाली एक अर्ज लिहून ठेवलाय. नकाशा बदलणाऱ्याची चौकशी करा, असा. खाली सही केलीय, आणि साक्षीदार म्हणून माझं नाव.

"पप्पांची शेवटची इच्छा समजून पाठवून देऊ ना गं?" तो रडत विचारत होता.

मी म्हटलं, "घरी येऊन बोलते." फोनवरही धीर झाला नाही.

विनय, तो अर्ज पाठवू नकोस. नकाशा कुणी बदलला नव्हता. तो पहिल्यापासून तसाच होता, माझ्या हातचा.

तू आज मला दारात उभं केलं नाहीस तरी चालेल. मी खाली गेटपाशी थांबेन.

काका, माफ करा म्हणायला फार उशीर केला. नीट जा.