खाटेखालची तपासणी

तो माणूस आमच्या घरात आला तो लेकीच्या लॅपटॉपमधून. तिची नोकरीची परीक्षा घरातच होती, आणि कॉपी होऊ नये म्हणून तो लांबून बघत बसणार होता. तोंडात पेनाचं टोपण. चष्मा सारखा शर्टाला पुसायचा आणि नाक काचेला लागेल इतका पुढं वाकायचा.

"केस मागं घ्या, कान दाखवा," म्हणाला. मग मनगटं, मग चारी भिंती. मला पाहायला आले होते तेव्हा सासऱ्यांनी नुसतं चालून दाखवायला सांगितलं होतं. कान कुणी तपासले नव्हते.

आमची खोली एकच. परका माणूस दिसला तशी मी लाजून खाटेखाली शिरले होते. आणि तो म्हणाला, "आता खाटेखाली दाखवा."

लॅपटॉप खाली आला. मी पदर पुढं ओढला. त्याच्या तोंडातलं टोपण पडलं.

"ह्या कोण?"

"आई हाय, सर," लेक रडवेली झाली. "लई लाजती ओ ती."

"खोलीत दुसरं माणूस सापडलं की परीक्षा रद्द होते." त्यानं चष्मा पुसला आणि मला नीट बघितलं. "मावशी, शिक्षण किती झालं?"

"चौथी," मी पदराआडून म्हणाले.

"मग तुम्ही काय सांगणार तिला! व्हा बाहेर, अन् दार लावा."

एरवी असं कुणी बोललं असतं तर मला दोन दिवस घास गेला नसता. पण मी दाराबाहेर बसून तोंडात पदर धरून हसत होते. उठताबसता आपली सातवी सांगणारी माझी जाऊ त्या खाटेखाली सापडली असती, तर लेकीची परीक्षा गेलीच होती.