दाताच्या आतला दात

ब्लाउज शिवताना टाचणी अडकवायला मी माझ्या दातामागचं भोक वापरत होतो. दोन वर्षं.

हे दंत रुग्णालयाच्या खुर्चीत कबूल केलं तेव्हा डॉक्टर मॅडम पडद्याकडं वळल्या. त्यांनी एक्स-रे मोठा केला. वरच्या, सुळ्याशेजारच्या दातात आणखी एक दात होता. इवलासा, अंग चोरून बसलेला.

"याला डेन्स इनव्हॅजिनेटस म्हणतात," त्या म्हणाल्या. "दात घडतानाच त्याचं वरचं कवच आत मुडपलं जातं. मागं बारीक भोक राहतं, त्यातून जंतू आत शिरतात."

मुडपणं मला कळतं. इतवारी बाजारात माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. आमच्या टाचण्या ओठांत असतात. एकदा एक टाचणी सरकून त्या भोकात गेली आणि आतून कोणी धरावी तशी उभी राहिली. मला ती सोय वाटली. गिऱ्हाइकांना करूनसुद्धा दाखवली. बायको, सुनंदा, म्हणायची, "काहून जी, तोंडाचा डबा करून राहिले?"

मग हिरडीवर पुटकुळी आली. दुखेना. फक्त सकाळी तोंडात साचलेल्या पाण्याची खारट चव यायची.

मॅडमनी बर्फासारखा गार बोळा एकेका दाताला लावला. शेजारच्या दातानं मी खुर्चीतून उडालो. त्या दाताला काहीच नाही. दुसऱ्यांदा लावला. काहीच नाही.

"नस मेलीय. मुळाशी पू आहे. भोक जन्माचं होतं, पण टाचणीनं तुम्ही जंतूंना रस्ता करून दिला."

म्हणजे एक मेलेला माझ्या तोंडात होता, आणि मी रोज त्याला घासत होतो.

"मुलं आहेत?" त्यांनी विचारलं. "कधी कधी हे घरात चालत येतं. पक्के दात आले की लगेच दाखवा. वेळेत भोक बुजवलं तर दात वाचतो."

मंजिरी नऊ वर्षांची. तिचे पुढचे पक्के दात नुकतेच आलेले. घरी मोबाइलच्या उजेडात तिचं तोंड उघडलं. माझ्याच दाताच्या जागी, मागच्या बाजूला, एक काळा ठिपका. तो माझ्याकडं बघत होता. किती खोल आहे पाहावं म्हणून माझा हात आपोआप टाचणीकडं गेला. सुनंदानं मनगट धरलं. "हात तर लावून पाहा पोरीले!"

दोन दिवसांनी आम्ही वेटिंग रूममध्ये. मंजिरी पाय हलवत होती. मी जिभेनं माझा दात चाचपत होतो. तो गप्प होता.

आत मॅडमनी गार बोळा तिच्या दाताला लावला. एक क्षण काहीच नाही. मग पोरगी किंचाळली. इतकी गोड किंकाळी मी आयुष्यात ऐकली नव्हती. नस जिवंत होती. एक्स-रेत घडी उथळ दिसली. इंजेक्शन नाही, काही नाही. भोकात औषध भरलं, ते घट्ट व्हायला निळा उजेड दाखवला, झालं.

माझ्या दाताचं रूट कॅनल, म्हणजे आतली मेलेली नस काढून सफाई, चार खेपांत झालं. दात राहिला. त्या मॅडमचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या लेकरांच्या दातांची मागची बाजू एकदा दाखवून घ्या. दुखायची वाट पाहू नका. माझा शेवटपर्यंत दुखला नाही.

त्या दिवशी निळा उजेड चालू असताना मी खुर्चीवर वाकून, डोळे फाडून मंजिरीच्या तोंडात बघत होतो. मॅडमनी हात काढताच ती म्हणाली, "बाबा, तुमी बाहेर बसा. डॉक्टरचं नाही, तुमचंच भेव लागून राहिलं मले."