लेखी कराराचा रकाना

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, सकाळी सव्वासात वाजता मी छत्रपती संभाजीनगरहून गंगापूरच्या जीपमध्ये बसलो. त्रेचाळीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने उलट निघालो होतो. तेव्हा एसटी होती, शहर औरंगाबाद होते, आणि सोडायला घरातले कोणी आले नव्हते. जे मागे राहिले आणि जे माझ्यासारखे गेले, त्या दोघांसाठी हे लिहितो.

मी व्हिएन्नात राहतो. आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक प्रकल्पांचे व्यवस्थापक घडवणारे अभ्यासक्रम प्रमाणपत्रास पात्र आहेत की नाहीत, हे तपासणे माझे काम. पुष्कळ देशांतले वर्ग तपासले. आता फाइल जड लागते.

संभाजीनगरचा अभ्यासक्रम विजयाताई चालवतात. प्रमाणपत्र मिळाले तरच त्यांच्या विद्यार्थ्यांना परदेशी संस्था विचारणार होत्या. सगळे चोख होते. एक रकाना रिकामा होता. विद्यार्थ्यांनी गंगापूरजवळच्या धनगरी ओव्या गाणाऱ्या मंडळाचा पोर्तुगीज गायकांबरोबर कार्यक्रम घडवून आणला, पण मंडळाशी लेखी करार केला नाही. विजयाताई म्हणाल्या, सुपारी दिली होती. मंडळाने ती घेतल्यावर कागद पुढे करण्याचे पोरांना धाडस झाले नाही. नियमाने हा रकाना रिकामा म्हणजे अभ्यासक्रम अपात्र. म्हणून मी मंडळाच्या प्रमुखांना भेटायला निघालो होतो.

धोंडिबा मेंढरांच्या कुंपणाशी बसले होते. वय माझ्याएवढेच. "तुमीच का कागदवालं?" म्हणत त्यांनी घोंगडीवर जागा केली. "नाकावरून तर आपल्याकडलंच दिसता."

मी नाकाबद्दल बोललो नाही. सुपारी घेऊन एखादा फिरला तर पुरावा काय, एवढे विचारले.

"ज्याला फिरायचं त्यो कागदावरबी फिरतो, सायेब. पर सुपारीवर फिरला, तर समदा मुलूख त्याला वळखतो. मंग त्याला मुलूख सोडावा लागतो."

मी सोडला होता.

माझ्या लग्नाची सुपारी फुटली होती. वडील म्हणाले होते, "सुपारी फुटली म्हंजी लगीन झालं. आता फकस्त अक्षता राहिल्या." त्यानंतर शिष्यवृत्तीचे पत्र आले आणि एकविसाव्या दिवशी मी निघून गेलो. कागद नव्हता, त्यामुळे मुलीकडच्यांना काही मागता आले नाही. तिचे वडील आमच्या ओट्यावर एक दुपार बसून राहिले, पाणी न पिता उठले, असे भावाने पत्रात कळवले. आमचे वडील पुढे कोणाच्या सोयरिकीला बसले नाहीत. मुलीचे पुढे काय झाले, मी विचारले नाही.

व्हिएन्नात जिना झाडण्याच्या पाळीचाही करार असतो. तो मोडला की पत्र येते, दंड भरला की प्रकरण संपते. या व्यवस्थेत मी सुखाने राहिलो, हे नाकारत नाही.

दुपारी हॉटेलवर परतून अहवाल लिहिला. लेखी करार: नाही. बंधनकारक करार: आहे. सुपारीची रीत एका पानात मांडली. शेवटच्या पानावर मूल्यमापकाला विचारतात, या ठिकाणाशी आपला काही संबंध आहे का. काम स्वीकारताना मी तिथे "नाही" लिहिले होते, आणि ते मला खरे वाटले होते. "आहे" लिहिले, तर माझ्या एकट्याचा शेरा चालत नाही. दुसरा मूल्यमापक येतो, त्याला सुपारी कळेलच असे नाही. "नाही" ठेवले, तर प्रमाणपत्र महिन्यात हातात.

विजयाताईंना फोन करून दोन्ही बाजू सांगितल्या.

"काका, पोरं थांबतील," त्या म्हणाल्या. "पण खोट्या सहीचं प्रमाणपत्र त्यांना नको."

त्रेचाळीस वर्षांत गावी घर उरले नाही, जमीन भावाची झाली. तरी ज्या मुलखाचा मी शब्द मोडला, तो मुलूख माझा आहे. दुसऱ्या कोणत्याही गावाचे मी काही मोडलेले नाही.

"नाही" खोडले. "आहे. जन्म गंगापूर तालुका. सुपारी मोडून गेलो," असे लिहून सही केली, आणि खाली काउंटरवर जाऊन त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढून घेतल्या, एक विजयाताईंसाठी, एक धोंडिबांसाठी.