दोनच सीटची गाडी

दादानं ती गाडी दारात आणून लावली तेव्हा मी तोंडावरच विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? घरात सात माणसं, आणि गाडीला सीट दोन!" सेकंडहँड होती, लाल, कापडी टपाची. इतकी बुटकी आणि हलकी की मागून दोघांनी उचलली असती. दादा हळूच म्हणाला, "नवी गाडी गावदेवीला नेताना घरातलं मोठं माणूस तिच्यात बसतं ना? हिच्यात मागची सीटच नाही. बाबा बसले तर माझ्याच शेजारी बसतील."

दोन वर्षं बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. उलव्याकडची आमची भातशेती दादाच्या नावावर होती. विमानतळासाठी आसपासच्या जमिनी गेल्या तेव्हा त्यानं बाबांना न विचारता संमतीची सही करून टाकली. आज ना उद्या जमीन जाणारच होती, सगळ्यांचीच गेली. पण विचारलं नाही, हे बाबांना लागलं ते लागलंच. आम्ही गाव सोडून सुकापूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिथे "त्याला सांग, जेवण वाढलंय" असे निरोप आईकडून जायचे, आणि तो त्याच खोलीत बसलेला असायचा. माझ्यावर बाबांचा राग नव्हता. खरं तर तो नव्हता याचंच मला वाईट वाटायचं, कारण त्या जमिनीवर भराव टाकणारा एक डंपर मीच चालवत होतो.

गावदेवीला जायच्या दिवशी सकाळी आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा धुतलेला सदरा घालून खाली आले. दादा स्टिअरिंगवर बसलेला पाहून जागच्या जागी थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चालवणार असशील तर बसतो. नायतर नाय."

दादा निमूट उतरला. चावी माझ्या हातात दिली, नारळ-हाराची पिशवी घेतली आणि स्कूटर काढली. गाडीचा मालक स्कूटरवर आणि डंपरवाला गाडीत! एरवी मी त्याला महिनाभर चिडवलं असतं. त्या दिवशी चावी घेऊन गाडीत बसलो.

बारा वर्षं डंपर चालवून माझ्या हाताला जोर लावायची सवय. इथे नुसतं मनगट हललं तर गाडी वळलीसुद्धा. पहिल्याच वळणावर आम्ही गटारात जाता जाता वाचलो. "अरे हलू!" बाबा ओरडले. मग ब्रेकला जरा पाय लावला, तर दोघंही काचेवर आपटायचे बाकी. उरणच्या रस्त्याला लागेपर्यंत हात बसला. टप उघडा होता. रस्त्यातली खडी न् खडी बुडाखाली कळत होती. कंटेनरची चाकं अगदी कानाशी फिरत होती. रोज मी वरून जातो तेव्हा खालच्याला असं वाटत असेल, हे बारा वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. घाबरलो होतो. आणि खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. पायाखाली नुसता इशारा, की गाडी सुटायची. बाबा असे मुके बसलेले असताना आपल्याला मजा येतेय, याची लाज वाटली. स्पीडब्रेकर आला की मी गाडी तिरकी करून मुंगीच्या चालीनं काढायचो. तेवढ्यात दादाची स्कूटर आम्हाला गाठायची, पण पुढे जायची नाही.

"इथं थांब," बाबा एकदम म्हणाले.

मी भरावाच्या कडेला गाडी घेतली. बाबांनी दार उघडलं. बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर बोटं थेट मातीला टेकली. "इथं आपला बांध व्हता," म्हणाले. चिमूटभर माती उचलून चोळली. "ही आपली नाय."

डोंगर फोडून आणलेला मुरूम होता तो. मला राहवलं नाही. "बाबा, यातला मीही टाकलाय."

"ठाव हाय मना," ते म्हणाले.

मग त्यांना उतरायचं होतं. गुडघे आधीच गेलेले, त्यात सीट जमिनीलगत. एकदा जोर लावला, दोनदा लावला, उठवेना. मी वळसा घालून गेलो आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. मागे पाहत राहिले. दादा स्कूटर लावून लांबच उभा होता, पिशवी छातीशी धरून.

"त्याला बोलव."

मी हाक मारली. दादा धावत आला खरा, पण समोर येऊन नुसता उभा राहिला. हात पुढे करायची त्याची छाती होईना. बाबांनीच दोन्ही हात वर केले.

"तुझी गाडी हाय," ते त्याला म्हणाले. "तूच उठव मना."

दादानं पिशवी तिथेच टाकली, काखेत हात घालून त्यांना उभं केलं. उभे राहिल्यावरही बराच वेळ दोघांपैकी कुणीच हात सोडला नाही.