डावीकडचं स्टूल

माझ्या नावाखाली 'संचालक आणि पियानोवादक' असं छापतात. वाजवता वाजवताच हा माणूस अख्खा वाद्यवृंद चालवतो, याचं लोकांना फार कौतुक. त्यात जादू काही नाही. हात पियानोत अडकलेले असतात, म्हणून वादकांना मानेनं सांगायचं. ही मानेनं सांगायची सवय मला आईमुळे लागली.

आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीतले. बाबा वीज केंद्रात कामाला होते. पियानो शिकायला आई मला बसनं नागपूरला घेऊन जायची. पुढे माझे छोटे-मोठे कार्यक्रम सुरू झाले, तेव्हा पानं उलटायला कोणी मिळेना. आईला पियानोची स्वरलिपी वाचता येत नव्हती, आजही येत नाही. ती माझ्या डावीकडे स्टुलावर बसायची, मी मान हलवली की उठायची आणि पान उलटायची. त्याआधी हातातल्या बांगड्या उतरवून रुमालात बांधून ठेवायची, मध्येच किणकिणायला नकोत म्हणून. नवरा धडधाकट असताना रिकाम्या हातांनी चारचौघांत बसते, यावरून आत्यानं तिला किती टोचून बोलावं! आई एवढंच म्हणायची, "त्याच्या वाजवण्यात माह्या बांगड्या काहून वाजाव्या?"

मग मी मोठा झालो, म्हणजे बाहेरगावी वाजवायला लागलो. पानं टॅबवर आली. पायानं पेडल दाबलं की उलटतात. आईला हे मी सांगितलं नाही. विसरलो म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं, पण विसरलो नव्हतो. फोनवर तो विषय जवळ आला की मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचो.

गेल्या हिवाळ्यात नागपुरात कार्यक्रम ठरला. आई-बाबा हॉलवर सगळ्यांच्या आधी हजर. आईचे हात रिकामे होते. ती स्टेजवर चढली आणि पियानोच्या डावीकडे स्टूल शोधू लागली. मी घाईघाईनं टॅब दाखवला आणि म्हणालो, "आई, आता तुले त्रास नाही. समोर मस्त बसून ऐक."

"बरं झालं गा," ती म्हणाली. "तसेही गुडघे दुखूनच राहिले." आणि कठडा धरून पायऱ्या उतरून गेली.

पियानो आडवा ठेवला होता. उजवीकडे, प्रेक्षकांच्या अंगाला वाद्यवृंदातले चेलोवाले, आणि त्यांच्या पलीकडे पहिल्या रांगेत आई. एका जागी चेलोंनी एकदम सुरू करायचं होतं. मी तिकडे बघून मान हलवली. चेलो वेळेवर सुरू झाले, आणि आईही उठून उभी राहिली. उजवा हात पुढे केलेला.

मागे कोणीतरी हसलं. बाबांनी पदर ओढून तिला खाली बसवलं. मी वाजवत राहिलो. आधी मला लाज वाटली ती आईची. स्वतःची वाटायला तो तुकडा संपावा लागला, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "काहून उठली वं आई?"

"तू मान हलवली ना गा. पायच उठले. मंग समजलं, ते माह्यासाठी नव्हतं." मग ती खिडकीबाहेर बघत रुमालाची गाठ सोडू लागली. एकेक करून बांगड्या हातात चढवल्या. मला तेव्हाच माफी मागता आली असती. मी ड्रायव्हरला काच वर घ्यायला सांगितलं.

सकाळी घरी माळ्यावरून स्वरलिपीचे जुने कागद काढले आणि घरच्या कीबोर्डवर मांडले. तोंडानं बोलायचं धाडस नव्हतंच. आई माझ्या डाव्या हाताला पलंगावर वाटाणे सोलत बसली होती, हात पोचेल इतकी जवळ. मी वाजवू लागलो. पान संपत आलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली.

आईनं सोलणं थांबवलं आणि वळून पाठीमागच्या दाराकडे बघितलं.

"कोण आलं गा?"

दारात कोणीच नव्हतं.