धाप की वारं

बाईमाणसाचा श्वास कुणाला ऐकू येऊ नये, असा आमच्या सासरी नियम होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडला तर सासू लगेच म्हणायची, "काय गो, कुत्र्यावानी धापतेस? वट्यावर मानसं बसलीत, दिसत नाय?"

आमचं गाव कोपरखैरण्याच्या खाली, खाडीला लागून. खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर होडी. भातशेती थोडी, बाकी मिठागर. हिवाळा सरला की पाऊस लागेपर्यंत आम्ही बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायचो. दुपारी घरी यायचो तेव्हा ओट्यावर सासरे आणि त्यांचे सोबती बसलेले असायचे. त्यांच्यासमोरून आत जायचं. उन्हात पाच-सहा तास ओझं वाहिलेली बाई धापा टाकणारच. पण सुनेने धापा टाकल्या की सून आळशी किंवा उर्मट ठरायची.

मी चौथीपर्यंत शिकले होते, पण ही विद्या शाळेतली नव्हती. बांधावरून अंगण दिसलं की श्वास छातीत अडकवायचा. पदर तोंडावर घ्यायचा. ओट्यासमोरून सावकाश चालायचं, घरातून सरळ मागल्या दारी जायचं आणि पेंढ्याच्या उडवीआड उभं राहून मग सगळा सोडायचा. डोळ्यांपुढे काळं यायचं, कानात घुमायचं. संध्याकाळी डोकं असं दुखायचं की भाकरीचा घास चावताना कानशिलं ठणकायची. मला वाटायचं, ऊन लागलं. ते ऊन नव्हतं. आता सोसायटीच्या बागेत एक मुलगी सकाळी आम्हा म्हाताऱ्यांना श्वास घ्यायला शिकवते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "आजी, तुम्ही घेता, पण सोडतच नाही." मी भाजी चिरतानासुद्धा श्वास धरून बसते, हे मला ऐंशीच्या घरात आल्यावर कळलं.

पण मला सांगायचंय ते माझ्या धाकट्या जावेचं.

ती माझ्या मागून चार वर्षांनी त्या घरात आली. सडपातळ, बोलायला तिखट. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हिचं काहीतरी वेगळं आहे. चुलीत खाडीकाठच्या तिवराची ओली लाकडं घातली की ती उठून बाहेर जायची. छातीतून बारीक शिट्टी वाजायची. उडवीआड मी तिला धरलं आणि विचारलं. म्हणाली, "अक्का, दमा हाय. ल्हानपनापासून. लग्नात बोलले नाय कुनी. तू बोललीस तर मला परत धाडतील." आई मेलेली, घरात भावजय. त्या दारात परत जाणं म्हणजे काय, ते मला सांगायची गरज नव्हती.

मी तिला माझी विद्या शिकवली. बांधापासून दम धर, पदर घे, मागं येऊन सोड. दम्याच्या बाईला श्वास धरायला शिकवलं मी. मला वाटलं, मी तिचं घर वाचवतेय. दोन वर्षं आम्ही दोघी त्या उडवीआड श्वास सोडायला जात होतो. तिला आधी मोकळं व्हायला थोडाच वेळ लागायचा, मग जास्त लागायला लागला. नखं निळसर दिसायची. सासूने एकदाही तिची धाप ऐकली नाही.

पाऊस तोंडावर आला होता. मीठ भिजायच्या आत राशीवर न्यायचं म्हणून सगळ्यांची घाई. त्या दिवशी दुपारी आम्ही परतलो तर ओट्यावर पाहुणे. ते जायला उठून सासऱ्यांना रामराम करायला लागले, म्हणून आम्हाला अंगणात थांबावं लागलं. तिने श्वास धरलेलाच होता. मी बाजूने बघत होते. तिचे ओठ काळे पडले, खांदे थरथरायला लागले, पदर पडला, केस सुटले. मग तो सगळा श्वास एकदम बाहेर आला. "हुंऽ, हुंऽ" करत ती गुडघ्यांवर बसली आणि डोलायला लागली.

आमच्याकडे अंगात देव आला की वारं आलं म्हणतात.

सासू चुलीवरून धावत आली आणि हात जोडले. "वारं आलं गो! कुकू आना, पानी आना!" ओट्यावरचे सगळे उभे राहिले. सासऱ्यांनी टोपी काढली. सासू विचारतेय, "कोन हायस बाय? काय चुकलं आमचं?" तिला बोलायला हवा कुठे होती? ती नुसती मान हलवत होती. माझ्याकडे एकदा बघितलं. मी कुंकू आणायला आत गेले.

त्या दिवसापासून तिला मंगळवारी आणि शुक्रवारी पाटी नाही. चुलीपुढे बसायचं नाही, देवीला धूर चालत नाही असं तिनेच सांगितलं. हुशार होती. घरभर धापा टाकायची आणि सासू पाया पडायची. उडवीआड मला म्हणाली, "अक्का, तूबी घे की थोडं वारं. दोघी बसून धापू." त्या महिन्याभरात तिचा चेहरा सुधारला. छातीतली शिट्टी कमी झाली. धूर नाही, ओझं कमी, श्वास धरायचा नाही, एवढंच औषध होतं ते. ते देवीच्या नावाने मिळालं.

पण शेजारणी प्रश्न घेऊन यायला लागल्या. कुणाची म्हैस हरवली, कुणाला मूल नाही. तिने दिलेली एक-दोन उत्तरं चुकली. मग कुणीतरी सासूच्या कानात घातलं, देवी हाय की हडळ, बघून घे. सासूने भगताला बोलावलं.

भगताने तिला आतल्या खोलीत बसवलं. आम्ही घरचे आत, दार लावलं. धुपाटण्यात निखारे, त्यावर लोबान, वरून सुक्या मिरच्या. "बोल, कोन हायस?" ती खोकायला लागली. भगत म्हणाला, "बगा, बाहेरचं हाय, धूर सोसत नाय." आणखी मिरच्या टाकल्या. दीर, म्हणजे तिचा नवरा, कोपऱ्यात हात बांधून उभा. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. नको, बोलू नकोस. मग तिचा खोकलाही बंद झाला. तोंड उघडं आणि आत काही जात नव्हतं.

मी धुपाटणं लाथेने उडवलं आणि दार उघडलं. "वारं नाय हिच्यात. दमा हाय हिला. लगनाआधीपासून."

भगताने आपला नारळ उचलला. सासू तिच्याकडे वळलीच नाही. मला म्हणाली, "तुला ठाव व्हतं?" आणि कानाखाली मारली.

तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ होडी घेऊन आला. धक्क्यापर्यंत मीच गेले सोबत, घरातलं दुसरं कुणी निघालं नाही. मला वाटलं होतं, निदान जीव वाचवल्याचं ती काहीतरी बोलेल.

"धुरात मेले असते तर देवी म्हनून मेले असते," ती म्हणाली. "आता भावजयच्या दारात दमेकरीन म्हनून जगते. तुजं काय गेलं?"

"मेली असतीस गो," मी म्हटलं.

"मंग?"

ती होडीत चढली. पुढे ती किती जगली, कशी जगली, आम्हाला कुणी कळवलं नाही. मीही विचारायला गेले नाही.

पाऊस संपल्यावर दिरासाठी तुर्भ्याकडची मुलगी बघायला गेलो. सासू आता शहाणी झाली होती. पोरीला म्हणाली, "बाय, विहिरीवरनं कळशी भरून धावत ये." पोरगी धावत आली, कळशी खाली ठेवली. सासूने मला खूण केली. मी पुढे झाले आणि तिच्या छातीला कान लावला. पोरगी घाबरून श्वास धरून उभी होती.

"सोड गो," मी म्हटलं.

तिने सोडला. मी नीट ऐकलं आणि सासूला सांगितलं, "चांगली हाय. घ्या."